कुंदाताईंच्या कोंबड्या आणि एक रविवार

फोन ऑफिसात आला. पलीकडून मंगल बोलत होती, कुंदाताईंची मुलगी. "विमलमावशी, आई गेली," एवढंच म्हणाली. आणि माझ्या तोंडून निघालं, "काय खाल्लं होतं त्यांनी?" आता आठवलं की लाज वाटते. मंगलनं शाळेत उत्तर द्यावं तसं सांगितलं, "चहा. नुसता चहा. कप घेऊन मागच्या दारात बसली आणि तिथंच कलंडली." फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की 'कधी', 'कशानं' यांतलं काहीच मी विचारलं नव्हतं. कुंदाताईंचं नाव आलं की मनात आधी खाणंच येतं, त्याला मी तरी काय करणार...

घाटकोपरहून मुलुंडला पोहोचले तेव्हा आमच्या जुन्या बिल्डिंगच्या आवारात सगळे जमले होते. मी तिथलं घर सोडून तीन वर्षं झाली, पण माणसं तीच. आणि दबक्या आवाजात प्रत्येक जण तीच आठवण सांगत होता. "काय जेवण होतं हो ते!" "तसे वडे पुन्हा नाही मिळाले." ज्या जेवणाविषयी ते बोलत होते, त्या जेवणाला मीही होते. मीही पोटभर जेवले होते. पण ते जेवण म्हणजे नेमकं काय होतं, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि आता, कुंदाताईंना जाऊन काही आठवडे झाल्यावर, जास्तच कळेनासं झालं आहे. म्हणून लिहायला बसले. लिहिल्यानं कळेल अशी खात्री नाही.

आम्ही अकोल्याकडचे, बौद्ध. मुलुंडच्या त्या तीन मजली इमारतीत राहायला आलो तेव्हा ऐंशी साल उजाडलं होतं. नवीन शेजारी आले की लोक आडनाव विचारतात, मग गाव विचारतात. आमच्या बाबतीत या दोन प्रश्नांनंतर बोलणं जरा आखडतं व्हायचं. हसत हसतच व्हायचं, पण व्हायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी खालून हाक आली. पाहिलं तर तळमजल्यावरच्या मागच्या दारात एक उंच, सावळ्या बाई उभ्या. काखेत कोंबडा. त्यांनी ना आडनाव विचारलं ना गाव. वर बघून म्हणाल्या, "ह्यो कोंबो पहाटे आरवता. चलात मां तुमका?" चालेल ना, असं त्या विचारत होत्या, हे कळायला मला वेळ लागला. मी मान हलवली. "बरा झाला," त्या म्हणाल्या, "न्हय म्हटलंस तरी आरवतलोच." आणि आत गेल्या.

परब कुटुंब मालवणकडचं. भाऊजी, म्हणजे कुंदाताईंचे यजमान, विक्रोळीच्या एका कारखान्यात नोकरीला. पगार नियमित, घर स्वतःचं, मुलगी एकच. म्हणजे अडचण अशी काही नव्हती. तरीही त्या घरात बाजारातून येणाऱ्या वस्तू फार थोड्या होत्या. इमारतीच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जी चिंचोळी जागा होती, तिथे कुंदाताईंचं सगळं राज्य. तुपाच्या रिकाम्या डब्यांतून मिरच्या. कोपऱ्यात शेवगा. भिंतीवर तोंडलीचा वेल. दुधीचा वेल त्यांनी आमच्या पहिल्या मजल्याच्या ग्रिलवर चढवला होता, तोही न विचारता. दुधी लटकायला लागले तेव्हा खालून ओरडून सांगितलं, "तुझ्या खिडकीतलो तुझो!" आणि भिंतीला लागून फळांच्या पेट्या ठोकून केलेलं खुराडं. त्यात आठ-दहा कोंबड्या. प्रत्येकीला नाव होतं. लंगडी, काळी, म्हातारी आणि एक 'शेजारीण'. ती कायम दुसऱ्यांच्या दारात सापडायची म्हणून तिचं हे नाव. माझी सीमा तेव्हा पाच वर्षांची होती. शाळेतून आली की दप्तर टाकून ती आधी शेजारणीला शोधायची.

तांदूळ त्यांच्या भावाकडून गावाहून यायचा, एसटीच्या टपावरून. कोकमं, कुळीथ, काळे वाटाणे त्याच पोत्यातून. पावसाळ्यात त्या मला घेऊन मागच्या डोंगराच्या पायथ्याशी जायच्या. पहिल्या वेळी एका रोपट्यापाशी वाकून म्हणाल्या, "हो टाकळो." मी म्हटलं, "अहो, हा तर तरोटा!" आमच्याकडे त्याला तरोटाच म्हणतात. आई डाळ घालून करायची. त्यांना ते पटेना. पान चुरगाळून त्यांनी माझ्या नाकाशी धरलं. मी म्हटलं, वास तरोट्याचाच आहे. तिथंच गुडघाभर गवतात उभ्या राहून आम्ही दोघी भांडलो आणि शेवटी दोन पिशव्या भरून घरी आलो. त्यांनी त्यांच्यासारखी केली, मी माझ्यासारखी. संध्याकाळी वाट्यांची अदलाबदल झाली. माझी वाटी चाटूनपुसून परत आली. वर निरोप, "तुमचो तरोटोय बरो आसा." त्या बिल्डिंगमध्ये आमच्या घरातली वाटी बाहेर जाऊन रिकामी परत आली, ती तेव्हा पहिल्यांदा. मी हे त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. त्यांच्या लक्षात होतं की नाही, तेही मला माहीत नाही.

सीमा टायफॉइडमधून उठली तेव्हा पार काडी झाली होती. रोज सकाळी कुंदाताई कोमट अंडं पदराखाली झाकून वर आणायच्या. मी एकदा विचारलंच, "ताई, दुकानात अंडी मिळतात की. एवढा सगळा व्याप कशाला करता? ती घाण, तो वास, पहाटे उठणं..." त्या म्हणाल्या, "विकत घेतलेला पोटात जाता, अंगाक लागणा नाय." दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना त्यांनी सांगितलं होतं, सवय झालीय. सेक्रेटरींच्या बायकोला सांगितलं होतं, दुकानच्या अंड्याचा बलक फिका असतो. आणि मंगलला एकदा म्हणाल्या होत्या, माझ्या आईनं असंच केलं, तिला कोण विचारायला गेलं नाही. यातलं खरं कारण कोणतं? कदाचित सगळीच. किंवा एकही नाही...

मग तक्रारी सुरू झाल्या. तशा त्या आधीही होत्या. कोंबडा आरवतो, पिसं उडतात, मांजरं जमतात. पण त्या जिन्यातल्या तक्रारी होत्या, बोलून संपणाऱ्या. एके दिवशी सोसायटीची मीटिंग बोलावली गेली. बायका मीटिंगला जात नसत. आमचे हे गेले होते. परत आले ते वैतागूनच. "मी म्हटलं, अरे यार, कुणाला काय त्रास आहे? सगळ्यांनी त्यांची अंडी खाल्लीत. पण आधीच ठरवून आले होते सगळे." "आणि परबभाऊजी?" मी विचारलं. "ते काहीच बोलले नाहीत. खाली बघून बसले होते." दोन दिवसांनी टाइप केलेली नोटीस लागली. आवारात पाळीव पक्षी ठेवता येणार नाहीत, पंधरा दिवसांत हलवावेत. मी धावत खाली गेले. कुंदाताई शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. मी तावातावाने बोलत राहिले. आपण अर्ज करू, सह्या घेऊ, मी स्वतः दारोदार जाते, असं बरंच काही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शेंगा घेऊन जा गो. ह्या वर्षी गर बरो धरलो आसा."

नंतरच्या शनिवारी त्या प्रत्येक दारात गेल्या. हातात हळदीकुंकवाची कुयरी, जशी लग्नाच्या आमंत्रणाला असते. "उद्या दुपारी जेवूक येवा. गच्चीर. सगळ्यांनी." माझ्याकडेही आल्या. कुंकवाचं बोट माझ्या कपाळाशी आणून थांबल्या. "लावतंस?" मी म्हटलं, "लावा." कशाचं जेवण आहे, हे मी विचारलं नाही. खरं तर विचारायचं सुचलंच नाही. मला वाटलं, कोंबड्या गावाला पाठवणार असतील, म्हणून काही पूजा असेल.

रविवारी सकाळी कोंबडा आरवला नाही. झोपेतही ते जाणवलं. खिडकीतून खाली पाहिलं तर खुराड्याचं दार उघडं, जागा धुऊन काढलेली, आणि चुलीवर चढवतात तसलं मोठं पातेलं तीन विटांवर. कुंदाताई पाट्यावर वाटप वाटत होत्या. भाजलेल्या खोबऱ्याचा, कांद्याचा, गरम मसाल्याचा असा वास वर येत होता, की मला एकाच वेळी भूक लागली आणि खिडकी लावून घ्यावीशीही वाटली. हे कसं सांगावं मला कळत नाही. दोन्ही खरं होतं.

गच्चीवर सतरंज्या घातल्या होत्या, पत्रावळी मांडल्या होत्या. सगळे आले. ज्यांनी हात वर करून ठराव केला होता, तेही आले. जरा अवघडलेले होते, पण आले. पहिल्या पंगतीत कुंदाताईंनी सेक्रेटरींना बसवलं आणि त्यांच्या शेजारी भाऊजींना. कोंबडीचा रस्सा, फुगलेले वडे, सोलकढी. दोन घरं शाकाहारी होती, त्यांच्यासाठी काळ्या वाटाण्याचं सांबार वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या पळीनं. कुंदाताई पदर खोचून वाढत होत्या. "आणखी एक वडो घ्या. लाजू नका. रस्सो घालू?" मी त्यांच्या चेहऱ्याकडे सारखी बघत होते. राग दिसेल, निदान डोळे लाल दिसतील. तसं काही नव्हतं. घरचं कार्य असलं की यजमानीण जशी असते, तशाच त्या होत्या. कुणाच्या पानात काय कमी आहे, एवढंच त्यांना दिसत होतं. सेक्रेटरींच्या बायकोनं विचारलं, "वाटपात तुम्ही काय काय घालता हो?" मला वाटलं, आता फुटणार. पण कुंदाताई तिच्यापाशी उकिडव्या बसल्या आणि धने किती भाजायचे, खोबरं कुठपर्यंत लाल करायचं, सगळं नीट समजावून सांगितलं. तिनं ते परत म्हणून दाखवलं, तेव्हा चुकलेलं दुरुस्तही केलं.

आणि सीमा... सीमानं गच्चीवर येताच विचारलं, "शेजारीण कुठाय?" कुंदाताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ती नाय आता," म्हणाल्या. खोटं सांगितलं नाही. कुंदाताईंनी तिला हाताला धरून शाकाहारी पंगतीत नेऊन बसवलं आणि एका लहान डब्यातून साधं वरण काढून भातावर वाढलं. ते वरण सांबाराबरोबरचं नव्हतं. एका मुलापुरतं, मुद्दाम वेगळं शिजवलेलं होतं. म्हणजे हे विचारलं जाणार, हे त्यांनी सकाळीच, किंवा आदल्या दिवशीच, ओळखून ठेवलं होतं.

मी जेवले. रस्सा अप्रतिम होता. मी दुसऱ्यांदा घेतला. त्या स्वतः जेवल्या का? शेवटच्या पंगतीत त्या आम्हा बायकांबरोबर बसल्या होत्या, हे नक्की. पानात काय घेतलं होतं, ते खूप आठवून पाहिलं, आठवत नाही. मंगललाही विचारलं. तिलाही आठवत नाही.

पुढं खुराडं मोडलं गेलं. लाकडं बंबाला गेली. त्या जागी कुंदाताईंनी काहीच लावलं नाही. बाकीची बाग तशीच राहिली, दुधी आमच्या खिडकीत लटकत राहिले. मात्र आता दर शनिवारी भाऊजी कामावरून येताना कागदी पिशवीतून अंडी आणायचे. जिन्यापाशी दिसले की पिशवी जरा उंच धरून म्हणायचे, "वहिनी, हिला अंडी." मला ते पाहून गलबलून यायचं. वाटायचं, किती जपतात बायकोला. कोंबड्या गेल्याचं दुःख भरून काढायला धडपडतायत बिचारे.

आम्ही घाटकोपरला घर घेतलं तेव्हा निघताना मी धीर करून विचारलं, "ताई, त्या दिवशी तुम्ही तसं का केलंत? गावाला पाठवता आल्या असत्या की." त्या माझ्या पिशवीत मिरच्यांची रोपं नीट बसवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कित्याक गो? वडे नरम झाले नाय होते?" मी म्हटलं, "झाले होते." "मगे?" त्या म्हणाल्या. विषय संपला. तो कायमचा संपला, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा मुलुंडला गेले. दिवसकार्य उरकून मंगल सासरी परतली होती. भाऊजी एकटेच होते. नुकतेच निवृत्त झालेले, बनियनवर, स्वयंपाकघरात काहीतरी शोधत असलेले. मला बसवलं, चहा केला. बोलायला विषय सुचेना म्हणून मी जुनं काढलं. म्हटलं, "सोसायटीनं ताईंवर अन्यायच केला तेव्हा. कुणी पहिली तक्रार केली कुणास ठाऊक."

भाऊजींनी कप खाली ठेवला. "सोसायटीनं नाही वहिनी. मी सांगितलं होतं सेक्रेटरींना. म्हटलं, माझं नाव येऊ देऊ नका, पण हे बंद करा."

मी म्हटलं, "वासाचा त्रास होत होता का तुम्हाला?"

"वासाचा कसला त्रास? मी पण गावचाच." "इतकी वर्षं पगार आणून हातात दिला. ती म्हणायची, ठेवा कपाटात. भाजी तिची, अंडी तिची, तांदूळ तिच्या भावाचा. मी एकदा फ्लॉवर आणला होता, मोठा, पांढराशुभ्र. म्हणाली, कित्याक हाडलात, घरात तोंडली आसत. गाईला घातला तो. मला वाटायचं, मी उद्या नसलो तरी या घराचं काही अडायचं नाही. निदान अंडी तरी मी आणावीत... एवढंच. त्या कोंबड्या ती गावाला पाठवील असं वाटलं होतं मला."

"आणि त्यांना कळलं होतं? तुम्ही सांगितलंत ते?"

"तेच तर माहीत नाही." भाऊजी माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच उत्तर घेऊन आले होते. "त्या दिवशी पहिल्या पंगतीत मला सेक्रेटरींच्या शेजारी बसवलं. का बसवलं? दुसरी जागा नव्हती म्हणून? पुढं किती वर्षं आम्ही एका घरात राहिलो. एक शब्द नाही. शनिवारी अंडी आणली की पिशवी घ्यायची, आणि म्हणायची, बरी आसत. तुमच्याकडे कधी काही बोलली का ती?"

मी नाही म्हटलं. ते खरंच होतं. पण घरी येईपर्यंत डोक्यात सगळी उलथापालथ चालू होती. त्या जेवणाकडे मी इतकी वर्षं सोसायटीला दिलेलं उत्तर म्हणून बघत होते. कधी वाटायचं, सूड आहे. कधी वाटायचं, मोठं मन आहे. आता वाटतं, त्यात आम्ही कुणीच नव्हतो. सगळी बिल्डिंग जेवायला बसली होती, आणि बोलणं कदाचित एकाच पानाशी चाललं होतं. किंवा तसंही नसेल. नोटीस आली, कोंबड्या ठेवता येणार नव्हत्या, दुसऱ्याच्या हाती देण्यापेक्षा आपल्या माणसांना नीट रांधून घातल्या, एवढंच असेल. भाऊजींवर रागवावं तर तो फ्लॉवर डोळ्यांपुढे येतो. कुंदाताईंची कीव करावी तर त्या कीव करून घेतील अशा मुळीच नव्हत्या.

निघताना भाऊजींनी मला स्वयंपाकघरात नेलं. फळीवर डबे, बरण्या, ओळीनं. कुंदाताई गेल्या त्या जूनमध्ये. मे महिन्यातच त्यांनी वर्सोव्याला जाऊन सुकी मासळी आणली होती, जवळा, बोंबील, सगळं भरून ठेवलं होतं. कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ, सांडगी मिरच्या. दोन माणसांना दिवाळीपर्यंत पुरेल इतकं. "रोज त्यातलंच खातो," भाऊजी म्हणाले. "संपवायचं की ठेवायचं, कळत नाही. ठेवलं तर कीड लागेल." आणि जवळ्याचा एक डबा माझ्या हातात दिला.

तो माझ्या ओट्यावर आठवडाभर पडून होता. शिजवावा असं वाटेना, कुणाला द्यावा असंही वाटेना. आज सकाळी उघडला तर दमट वास आला. आणि बाहेर बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं. मी गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं, त्यावर जवळा ओतला, हातानं पातळ केला. शेजारणीनं दार उघडून विचारलं, "काय हो, वास कसला?" मी म्हटलं, "जवळा वाळत घातलाय. चालेल ना?" तिनं नाक मुरडलं आणि दार लावून घेतलं. कावळे ग्रिलवर येऊन बसले आहेत. मी स्टूल घेऊन, हातात काठी धरून, मांडीवर कागद ठेवून हे लिहितेय. सीमा आता मोठी झालीय, ती आतून दोनदा विचारून गेली, "आई, आज हे करणार आहेस का?" अजून काही ठरलेलं नाही. ऊन आहे तोवर वाळू दे, असं तिला सांगितलंय.